आसरांचे देणे

जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी, सांक्ट गोआर्सहाउझेन नावाच्या गावाजवळ, एक उंच कडा आहे. नदी तिथे अरुंद आणि खोल होते आणि एक अडचणीचे वळण घेते. प्रवाशांची बोट त्या कड्याखाली आली की मंडळी डेकवर गर्दी करतात, फोटो काढतात आणि लोरेलायचे नाव घेतात. कड्यावर बसून सोनेरी केस विंचरणारी, आपल्या गाण्याने नावाड्यांना भुलवून त्यांच्या होड्या खडकावर आपटवणारी ती लोरेलाय. गंमत अशी की ही बाई काही फार जुनी नव्हे. कड्याचे नाव जुने, त्याचा प्रतिध्वनीही जुना. पण बाईला जन्म दिला तो क्लेमेन्स ब्रेन्टानो या कवीने, १८०१ साली. पुढे १८२४ मध्ये हाइनरिश हाइनेने तिच्यावर कविता लिहिली, तिला चाल लागली, आणि जर्मन माणूस जणू अनादी काळापासून आपण हिला ओळखतो असे समजून ते गाणे म्हणू लागला. दोनशे वर्षांच्या पोरसवदा दंतकथेवर तिथे दुकाने चालतात, हॉटेले चालतात, बोटी चालतात.

आता आपल्याकडे या. रत्नागिरी जिल्ह्यातले कुठलेही जुने गाव घ्या. पऱ्ह्यावरचा साकव ओलांडला की जिथे पाणी काळसर दिसते, तिथे एखाद्या जांभळीच्या किंवा करंजाच्या बुडाशी सात दगड ओळीने मांडलेले असतात. शेंदूर कधीचा उडून गेलेला, एखाद्या दगडावर वाळलेली हळद, बाजूला फुटलेल्या हिरव्या बांगड्या. या साती आसरा. यांच्यावर कुणी ऑपेरा लिहिला नाही आणि यांच्या डोहाकडे जायला पाटीही नाही. वयाने मात्र त्या लोरेलायच्या पणजीच्या पणजी शोभतील.

'आसरा' हा शब्द 'अप्सरा'चाच घसरून झालेला. इंद्राच्या दरबारात नाचायला जाण्यापूर्वी अप्सरा मूळच्या पाण्यातल्याच. यास्काने निरुक्तात या शब्दाची फोड 'अप्सारिणी', म्हणजे पाण्यातून सरणारी, अशी दिली आहे. पंडितांनी त्यांना स्वर्गात नेऊन बसवले. आमच्या कुणब्या-भंडाऱ्यांनी त्यांना होत्या तिथेच, डोहात, राहू दिले. यात अधिक शहाणपण कुणाचे, ते वाचकांनी ठरवावे.

या सात बहिणींची नावे गावोगाव बदलतात. पण एक यादी अभ्यासकांनी नोंदवून ठेवली आहे, ती अशी: मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा आणि मकरी. जतुपी आणि सोमपा सोडल्या तर बाकीच्या पाच जणी सरळसरळ मासळी, कासवी, खेकडी, बेडकी आणि मगर आहेत. म्हणजे देवत्वाचा शेंदूर थोडा खरवडला की खाली पाण्यातली सगळी वस्ती दिसते. वाशिष्ठीत आजही मगरी आहेत. चिपळूणच्या माणसाला मकरी कोण ते समजावून सांगावे लागत नाही.

या बहिणींना हळद-कुंकू, खण, हिरव्या बांगड्या, नारळ, दहीभात असा मान द्यायचा. पुष्कळ ठिकाणी त्यांचा भाऊ म्हणून म्हसोबा शेजारीच बसवलेला असतो. दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुण्याच्या आसपास डोंगर-नाले पायी तुडवून या देवतांची ठाणी पाहिली आणि १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांच्याबद्दल लिहिले. गणिताचा हा प्राध्यापक शेंदूर फासलेल्या दगडांपुढे वाकून बसत असे, कारण लिखित इतिहासात न सापडणारी माणसे त्याला तिथे सापडत. त्याच पुस्तकात उर्वशी आणि पुरूरव्यावरही त्यांचा लेख आहे, आणि ती जोड मला फार अर्थपूर्ण वाटते.

उर्वशीची गोष्ट आठवून पाहा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तिचा आणि पुरूरव्याचा संवाद आहे, आणि शतपथ ब्राह्मणात सबंध कथा. ती अट घालून त्याच्याबरोबर राहते; अट मोडते; ती नाहीशी होते; आणि हा वेडापिसा होऊन भटकताना त्याला ती कमळांच्या तळ्यात पाणपक्ष्याच्या रूपात पोहताना दिसते. आता फ्रान्समध्ये चला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस झां दारास याने मेल्युझिनची कथा लिहिली. ही झऱ्याकाठची परी एका सरदाराशी लग्न करते; अट एकच, शनिवारी मला पाहायचे नाही. त्याने चोरून पाहिले तेव्हा ती स्नान करीत होती आणि कमरेखाली तिला सापाची शेपटी होती. पुढे भर दरबारात त्याने तिला सर्पीण म्हटले आणि ती कायमची गेली. जर्मनीत १८११ साली फुके याने 'उंडिने' लिहिली, तिथेही तेच: पाण्यावर असताना मला टाकून बोलू नकोस. नवरा बोललाच. आणि आपली गंगा शंतनूला सोडून गेली ती कशाने? तू प्रश्न विचारायचा नाहीस, ही अट मोडली म्हणून. जगभरच्या लोकांनी पाण्याच्या बाईबद्दल एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगितली आहे. ती येते तिच्या मर्जीने, राहते तिच्या अटीवर, आणि शब्द मोडलात की जाते. आता ही गोष्ट बाईबद्दल आहे की पाण्याबद्दल? मला वाटते, सांगणाऱ्यांनाही त्यात फारसा फरक दिसत नसावा.

आसरांखेरीज आमच्या खाडीत आणखी एक असामी राहते. गिऱ्हा. बुडून मेलेल्या माणसाचे भूत. रात्री होडी घेऊन निघालात की तो ओळखीच्या आवाजात हाक मारतो. ओ दिलीत तर तुमची वाट चुकवतो, उथळ समजून खोलात नेतो. लहानपणी आम्हांला सांगत की हाकेला तिसऱ्या खेपेशिवाय ओ द्यायची नाही, गिऱ्हा दोनदाच हाक मारतो. त्याचा एक केस मिळवलात तर तो तुमचा गुलाम होतो, आणि केस हरवला की त्याच रात्री हिशेब चुकता करतो, असेही सांगत. काजळी नदी भाट्याला समुद्राला मिळते तिथे ओहोटीचे पाणी कसे ओढते, हे ज्यांनी अंगावर घेतले आहे त्यांना गिऱ्ह्याची फार टिंगल करावीशी वाटणार नाही.

आमच्या आज्या-पणज्यांचे नियम एकदा शांतपणे वाचून पाहा. भर दुपारी डोहावर जायचे नाही. तिन्हीसांजेला जायचे नाही. एकट्याने तर नाहीच. अमावास्येला खाडीत उतरायचे नाही. ओल्या बाळंतिणीने पाण्याच्या कडेला फिरकायचे नाही. वरवर हा सगळा आसरांचा धाक. पण भर दुपारी आणि तिन्हीसांजेला पाणवठ्यावर चिटपाखरू नसते. पाय घसरला तर हाक ऐकणार कोण? अमावास्येला उधाण असते, भरती-ओहोटीची ओढ त्या दिवसांत सर्वांत जास्त. विहिरीत गाळ काढायला उतरण्याआधी जुनी माणसे दोरीला कंदील बांधून खाली सोडत, आणि तो विझला तर 'आसरा आज घरी आहेत' म्हणून परत फिरत. खाली कुजलेल्या हवेत प्राणवायू नसतो म्हणून दिवा विझतो, हे विज्ञान त्यांना ठाऊक नव्हते. जीव मात्र वाचत. आजही एकामागोमाग एक उतरलेली दोन-तीन माणसे विहिरीतच राहिल्याची बातमी अधूनमधून येते. कंदील सोडायला कुणी शिकवलेले नसते.

इंग्लंडातल्या लँकेशायर परगण्यात पोरांना जेनी ग्रीनटीथचे भय घालीत. हिरव्या दातांची ही म्हातारी तळ्यात दबा धरून बसते आणि काठावर आलेल्या मुलाला आत ओढते. हिरवे दात म्हणजे पाण्यावर पसरलेली बारीक हिरवी वनस्पती. तिने तळे झाकले की ते हिरवळीसारखे दिसते, लहान मूल त्यावर पाऊल टाकते, आणि हिरवा पडदा पुन्हा मिटतो. 'पाण्याची खोली नीट पाहून मगच पाऊल टाकावे' असे चार वर्षांच्या पोराला सांगून काय उपयोग? हिरव्या दातांची म्हातारी त्याला बरोबर समजते. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर धोक्याच्या पाट्या आहेत, तरी हंगामात बुडण्याच्या बातम्या चुकत नाहीत. पाटी वाचणाऱ्याला घाबरवत नाही, ही पाटीची अडचण आहे.

आता थोडे विषयांतर वाटेल, पण आहे विषयाचेच. या सगळ्या भुताखेतांची कोकणातली पहिली मोठी नोंद झाली कशी, ती हकिकत कुठल्याही भूतकथेइतकी विलक्षण आहे. ए. एम. टी. जॅक्सन हा नाशिकचा कलेक्टर. संस्कृतचा अभ्यासक म्हणून लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणत. त्याने मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुतींची माहिती गोळा करायला घेतली होती. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'च्या प्रयोगाला तो आला असता त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारा अनंत कान्हेरे, आमच्याच जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातला. वय अठराच्या आसपास. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. जॅक्सनच्या मागे राहिलेले कागद आर. ई. एन्थोवेन या अधिकाऱ्याने लावले, आणि कोकणचा भाग १९१५ च्या सुमारास छापून निघाला. १९२४ मध्ये त्याचा सबंध इलाख्यावरचा ग्रंथ आला.

त्या पानांच्या तळाशी माहिती देणाऱ्यांचा उल्लेख येतो तो असा: शाळामास्तर, अमुक गाव. बस्स. नाव बहुधा नाही. कुठल्या कुठल्या गावच्या शाळामास्तरांनी, तुटपुंज्या पगारात, सरकारी प्रश्नावली समोर ठेवून, गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून ही उत्तरे लिहिली. आज आसरा, गिऱ्हा, जखीण यांच्याबद्दल जो तो जे लिहितो (हा लेखही त्याला अपवाद नाही) त्याच्या मुळाशी कुठे ना कुठे ते मास्तर आहेत. कान्हेऱ्यांचे स्मरण आपण करतो, ते योग्यच. त्या मास्तरांचे स्मरण करायला निदान नावे तरी हवी होती.

तर आता दागिन्यांची गोष्ट. मालवण तालुक्यात धामापूरचा तलाव आहे. हा भाग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होता. तलाव १५३० सालचा म्हणून सांगतात. काठावर भगवतीचे देऊळ, भोवती झाडी, पाणी एवढे स्तब्ध की बोलणाराही आवाज खाली आणतो. या तलावाची ख्याती अशी की गरिबाघरी लग्न निघाले की हवे तसे दागिने फुलांचे करून परडीत घालायचे आणि परडी पाण्यात सोडायची. परडी वर यायची ती सोन्याच्या दागिन्यांनी भरून. लग्न झाले की दागिने परत. असे पिढ्यान्‌पिढ्या चालले, आणि मग एकाने परत केले नाहीत. त्या दिवसापासून तलावाने देणे बंद केले.

देशावर आणि कोकणात कितीतरी तळ्यांबद्दल हीच गोष्ट भांड्यांची म्हणून सांगतात. लग्नाच्या पंगतीला हंडे-पातेली हवीत, आदल्या दिवशी काठावर जाऊन गाऱ्हाणे घालायचे, सकाळी भांडी काठावर. इंग्लंडात सरे परगण्यातल्या फ्रेन्शॅम गावच्या चर्चमध्ये एक भलीमोठी कढई ठेवलेली आहे. सतराव्या शतकात जॉन ऑब्री याने तिची कथा लिहून ठेवली: जवळच्या टेकडीवर जाऊन एका मोठ्या दगडावर टकटक करायची, काय हवे आणि कधी परत करू ते सांगायचे, आणि टेकडीवरच्या पऱ्या ते पुरवीत. ही कढई कुणीतरी ठरल्या दिवशी नेऊन दिली नाही. पऱ्यांनी ती परत घ्यायचे नाकारले, आणि त्यानंतर कुणालाच काही दिले नाही.

माझे आयुष्य बँकेत गेले, त्यामुळे ही कथा मी साहित्य म्हणून वाचूच शकत नाही. तारण नाही, जामीनदार नाही, व्याज नाही. मुदत मात्र ठरलेली. आणि थकबाकीदार एकच, पण खिडकी बंद झाली ती सगळ्या गावाला. आमच्या धंद्यात असे होत नाही. एकाने बुडवले तर आम्ही त्याच्या दारात जातो, शेजाऱ्याचे कर्ज चालू राहते. तळ्याचा नियम निराळा आहे, कारण पाणी सामायिक असते. एकाने वरच्या अंगाला गुरे धुतली तर खालच्या वाडीने काय प्यायचे? एकाने विंधनविहीर खोल नेली की शेजारच्या चार बावी आटतात, आणि त्या चौघांपैकी कुणी काहीही बुडवलेले नसते. तळ्याला 'तो बुडव्या कोण' हे कळत नाही असे नाही. त्या बुडव्याला आवरायचे काम गावाचे आहे असे तळे मानते.

नोकरीत असताना विहिरीच्या कर्जाची प्रकरणे माझ्याकडे येत. एका शेतकऱ्याने अंदाजपत्रकात खोदाई, सुरुंग, बांधकाम यांच्या खाली एक ओळ लिहिली होती: आसरांचा मान, रुपये एक्कावन्न. वरिष्ठ कचेरीने त्यावर लाल शाईने 'खुलासा व्हावा' असे लिहून प्रकरण परत पाठवले. मी त्या गृहस्थांना म्हटले, "अहो, ही ओळ काढून टाका, दुसऱ्या खर्चात घाला." ते म्हणाले, "साहेब, पाणी त्यांचं, आणि त्यांचंच नाव कागदावर नको?" शेवटी ती रक्कम मजुरीत गेली. विहिरीला पाणी लागले. कर्जही फिटले, वेळेवर.

धामापूरच्या तलावाला २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने जागतिक वारसा सिंचनस्थळ म्हणून मान दिला. पाच शतके टिकलेले बांधकाम म्हणून तो मान आहे, आणि यथायोग्य आहे. पण पाच शतके तलाव नुसत्या दगडमातीवर टिकत नाही. लोक त्याला भीत, त्याच्याशी बोलत, त्याचे देणे लागत, हेही त्याच्या बांधकामातच धरायला हवे.

इथपर्यंत वाचून कुणाची अशी समजूत व्हायची की हा म्हातारा आपल्याला पुन्हा आसरांपुढे नारळ फोडायला सांगतो आहे. तसे नाही. या गोष्टींची एक काळी बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

कोकणातल्या भुतांची वर्गवारी पाहा. सवाष्ण मेली की जखीण. विधवा मेली की लावसट. बाळंतपणात गेली की अळवंतीण. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुंजा. समाजाने माणसाला जिवंतपणी ज्या खात्यात टाकले, मेल्यावर त्याच खात्यात त्याची शिल्लक ओढली. आणि या खतावणीत बायकांची पाने किती भरलेली आहेत! युरोपातही निराळे नाही. रशिया-युक्रेनकडची रुसाल्का म्हणजे पुष्कळदा अकाली मेलेली, बुडालेली, फसवली गेलेली पोर. द्वोर्झाकने तिच्यावर केलेला ऑपेरा १९०१ मध्ये प्राग शहरात रंगमंचावर आला आणि आजही जगभर होतो. पण त्या सुंदर गाण्याखाली एक बुडालेली मुलगी आहे. चेक लोकांचा वोदनिक तर बुडालेल्यांचे आत्मे तळाशी झाकणाच्या भांड्यांत कोंडून ठेवतो. झाकण कुणी उघडले तरच ते सुटतात.

आमच्याकडची झाकणे कुणी उघडली? माझ्या लहानपणी आमच्या वाडीतली एक सून विहिरीत गेली. वय असेल अठरा-एकोणीस. तिला मूल होत नव्हते, आणि त्या घरातले आवाज पाखाडीवरून जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकू येत. सकाळी कळशी काठावर होती, नीट ठेवलेली, दोर गुंडाळून आत घातलेला. पाय घसरून पडणारी बाई दोर गुंडाळून ठेवत नाही, एवढे आम्हा पोरांनाही कळत होते. पण संध्याकाळपर्यंत वाडीचे ठरले: आसरांनी ओढली. घाडी बोलावला गेला, कोंबडा दिला गेला, विहिरीला नवे सात दगड लागले. पंचनाम्यात 'पाय घसरून' आले. आणि त्या घराला कुणी एक शब्द विचारला नाही. दोन वर्षांनी त्याच घरात दुसरी सून आली. माझी आजी तिला पाणवठ्यावर एकटी जाऊ देत नसे. स्वतःची कळशी घेऊन बरोबर निघायची. आजीला आसरांचे भय होते की आणखी कशाचे, हे तिने कधी बोलून दाखवले नाही.

भारतीय दंडविधानात सासरच्या छळाविरुद्धचे ४९८ अ कलम १९८३ साली आले. त्याआधी, आणि खरे तर नंतरही, किती विहिरींनी किती घरांची अब्रू झाकली असेल याचा हिशेब कुठल्याच दप्तरात नाही. आसरांवर सर्वांत मोठा अन्याय कुणी केला असेल तर तो आपणच. आपल्या घरातली पापे आपण त्यांच्या नावावर जमा केली.

ही सवय विज्ञानयुगात गेली म्हणावे, तर तेही नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या. राज्याच्या तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी कारण सांगितले ते खेकड्यांचे! खेकड्यांनी धरण पोखरले म्हणे. सगळा महाराष्ट्र त्यावर हसला. मला मात्र सात बहिणींतली तिसरी आठवली. कर्कटी. माणसांनी करायचे ते केले नाही की दोष पाण्यातल्या कुणावर तरी टाकायचा, ही रीत घाड्याकडून थेट मंत्रालयापर्यंत पोहोचली आहे.

म्हणून मला या गोष्टी श्रद्धा म्हणून नकोत, आणि अंधश्रद्धा म्हणून गटारात फेकलेल्याही नकोत. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ मध्ये झाला, फार मोठी किंमत मोजून झाला, आणि तो हवाच होता. घाड्याच्या नावाने कुणी बाईला झोडपत असेल तर त्याला तुरुंगच दाखवला पाहिजे. पण कायद्याने बंद होते ती प्रथा. गोष्ट बंद होते ती सांगणारा मेल्यावर.

आणि सांगणारे चालले आहेत. नळ आले, त्याचे दुःख मानणारा मी नव्हे. डोक्यावर तीन कळशा घेऊन चढण चढलेल्या बाईला विचारा नळ म्हणजे काय. पण नळ आल्यावर विहिरीकडे जाणे थांबले, डोहाकडे जाणे थांबले, आणि कुठे पाणी खोल आहे, कुठे भोवरा आहे, कुठला खडक शेवाळतो, हे सांगणाऱ्या गोष्टीही थांबल्या. मुंबईहून गणपतीला गावी येणारे नातवंड थेट डोहात उडी मारते. या डोहाचे नाव काय, ते त्याच्या बापालाही ठाऊक नसते. एकीकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि दुसरीकडे मे महिन्यात टँकर, अशी आमची अवस्था. आणि बुजवलेल्या बावीच्या जागेवर पार्किंग.

युरोपने आपल्या जलकन्यांचे काय केले, ते आपल्याला जसेच्या तसे करायचे कारण नाही. कोपनहेगनच्या बंदरावर अँडरसनच्या जलपरीचा पुतळा १९१३ पासून बसला आहे. तो बियरच्या एका कारखानदाराने करवून घेतला आणि १९६४ मध्ये कुणीतरी त्याचे मुंडकेच कापून नेले. आमच्या आसरांना पुतळे नकोत. सिमेंटचे तर मुळीच नकोत. साहित्यात म्हणाल तर खानोलकरांनी 'कोंडुरा'त समुद्रातून येणाऱ्या वरदानाची आणि त्याच्या अटीची गोष्ट लिहिली, श्याम बेनेगलांनी तिच्यावर १९७८ मध्ये चित्रपट केला. पण एका खानोलकरांच्या खांद्यावर सगळी खाडी किती दिवस ठेवायची?

मला सुचते ते फार साधे आहे, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. जॅक्सनच्या मास्तरांनी जे केले ते आमच्या शाळांनी पुन्हा करावे. नववीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत एक वही द्यावी आणि गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांकडे पाठवावे. प्रश्न सरकारी भाषेत नकोत. गावात पाण्याच्या जागा किती? प्रत्येकीचे नाव काय, आणि ते कशावरून पडले? तिथे कोण राहते म्हणतात? कधी जायचे नाही, आणि का? कुठले पाणी कधी आटत नाही? कुठले आटले, आणि कोणत्या वर्षी? सात दगड कुठे होते, आता कुठे आहेत? सांगणाऱ्याचे नाव, त्याची परवानगी घेऊन, वहीत पूर्ण लिहावे. मागच्या खेपेला राहून गेले ते.

आणि शेवटचा एक प्रश्न, तो मुलांनी विचारायचा की मास्तरांनी, हे त्या त्या शाळेने ठरवावे: या विहिरीत आसरांनी जिला ओढली म्हणतात, ती कोणाच्या घरची होती?